थर्माकोलच्या पंखावर बाल्सा: घरच्या घरी व्हॅक्यूम बॅगिंग जमेल का?

कळवेकर
नमस्कार मंडळी. १.८ मीटर स्पॅनचा ग्लायडर करायला घेतलाय. एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) क्लार्क वाय, पंखाची एक बाजू ९० सेंमी, कॉर्ड (पंखाची रुंदी) सरासरी २० सेंमी. हॉट वायरने (तापवलेल्या तारेने) थर्माकोलचे कोअर (पंखाचा आतला गाभा) कापून तयार आहेत, वर दीड मिमी बाल्साची (हलक्या लाकडाची) शीट चढवायची आहे. याआधीच्या विमानाला शीट चिकटवून वर विटा आणि जुने टेलिफोन डिरेक्टरीचे गठ्ठे रचले होते. काम झालं, पण मध्येमध्ये शीट कोअरला टेकलेलीच नाही, बोटाने टकटक केलं की पोकळ वाजतं.

या वेळी व्हॅक्यूम बॅगिंग करावं म्हणतो, म्हणजे पंख प्लास्टिकच्या पिशवीत घालून पंपाने आतली हवा ओढायची. पंप कुठला घ्यावा, व्हॅक्यूम किती ठेवावा आणि चिकटवायला काय वापरावं? फेविकॉल चालेल का? कळव्यात वन बीएचके आहे, त्यामुळे पसारा मर्यादितच. हॉल रविवारीच मिळतो, तोही जेवणं उरकल्यावर.

थर्ड_इयर_मेकॅनिकल
दादा, आमच्या कॉलेजच्या टीमने केलं होतं. फुल व्हॅक्यूम लावायचा, जितका जास्त तितकं चिकट पक्कं. आमच्याकडे पंप १४ पीएसआयपर्यंत (चौरस इंचाला पौंड) ओढायचा.

रेझिनताई
@थर्ड_इयर: अरे, कार्बनच्या साच्यात ते ठीक. थर्माकोलवर हे केलंस तर पंखाची पोळी होईल.

कळवेकर, आधी आकडे बघा, मग पंप शोधा. बाजारात मिळणारा साधा थर्माकोल घनमीटरला १५-१६ किलोचा असतो. तो चौरस सेंटिमीटरला साधारण ०.७ किलो दाबाला दहा टक्के चेपला जातो. गेजवर हे म्हणजे ५०० मिमी पारा. पण तिथपर्यंत जायची गरजच नाही. १२५ मिमी, म्हणजे इंचांत पाच, एवढं पुरे. त्यात चौरस सेंटिमीटरला ०.१७ किलो दाब पडतो. तुमच्या अर्ध्या पंखाचं क्षेत्रफळ १८०० चौ. सेंमी, म्हणजे एकूण तीनशे किलोच्या वर. विटांच्या हिशेबात सांगायचं तर पंखावर जिथे एक वीट ठेवली होतीत, तिथे चौदा-पंधरा विटांची चळत. आणि हा दाब लीडिंग एजच्या (पंखाच्या पुढच्या कडेच्या) वळणावरही तितकाच, जिथे वीट टेकतसुद्धा नाही.

निळा किंवा गुलाबी एक्सपीएस फोम (थर्माकोलपेक्षा घट्ट) असता तर २५० मिमीपर्यंत बिनधास्त गेला असतात. पण तो दुप्पट जड. तुमच्या आकाराच्या एका बाजूला थर्माकोल कोअर ४५-५० ग्रॅमचा बसेल, एक्सपीएसचा नव्वदच्या पुढे. ग्लायडरला थर्माकोलच बरा.

एक खबरदारी: परदेशी लेख वाचताना 'पाच' दिसलं की ते इंच पारा आहे की पीएसआय ते बघा. पाच पीएसआय म्हणजे दहा इंच. इथेच पुष्कळांचे पंख गेलेत.

बाल्साबुवा
आमच्या वेळी ना पंप होता ना पिशवी. विटाच रचायचो आणि ती विमानं उडायची, छान उडायची. दाबाचं हे कौतुक मला पटत नाही. पंख वाकतो तो दाब कमी पडल्यामुळे नव्हे, खालची जागा सपाट नसल्यामुळे. पाच इंच काढा नाहीतर पंचवीस, टेबल वाकडं असेल तर पंख त्या टेबलासारखाच निघणार, आणि इपॉक्सी आहे म्हटल्यावर जन्मभर तसाच राहणार.

रेझिनताई
बुवा, दुसऱ्या भागाशी शंभर टक्के सहमत. पिशवी पंखाला दाबते, सरळ करत नाही. हवेचा दाब चहूबाजूंनी सारखा असतो, त्यामुळे आत पीळ पडलेला पंख ती पीळ पडलेलाच घट्ट धरून ठेवते. सरळपणा येतो बेडमधून आणि बेडखालच्या पृष्ठभागातून.

पण कळवेकरांचा पंख पोकळ वाजतोय ते दाब सगळीकडे न पोचल्यामुळेच. त्यावर विटांकडे उत्तर नाही.

कळवेकर
बेड म्हणजे कोअर कापल्यावर वर-खाली उरलेले ठोकळे ना? खालचे दोन आहेत. वरचे... मुलाने शाळेच्या प्रकल्पाला नेलेत.

बाल्साबुवा
परत कापा. वरच्या बेडशिवाय पिशवी थेट बाल्सावर बसेल आणि ट्रेलिंग एजला (मागच्या कडेला) पिशवीच्या घड्या ओढून धार वर वळवतील. दोन्ही बेड हवेत.

आणि टेम्प्लेट कापताना शीटची जाडी वजा केली होतीत का? दीड मिमी वर, दीड मिमी खाली. कोअर तेवढा बारीक हवा, नाहीतर शीट चढवल्यावर तो क्लार्क वाय राहत नाही, नुसताच जाड पंख होतो.

कळवेकर
हो, ती वजा केली आहे. वरचे बेड या आठवड्यात कापतो.

ऐरोलीचा_पतंग
पंपासाठी सर्वात स्वस्त म्हणजे जुन्या फ्रिजचा कंप्रेसर. कळव्याला-मुंब्र्याला भंगारवाल्याकडे मिळेल, पण सुटा झालेलाच घ्या. जुना फ्रिज आणून स्वतः पाइप कापत बसू नका. आतला गॅस रेफ्रिजरेशनवाल्याकडून काढून घ्यायचा. नव्या फ्रिजमध्ये आर ६०० ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. पेट घेणारा गॅस आहे, आणि आपण हॉलमध्ये बसलेलो असतो.

ज्या पाइपने तो हवा आत ओढतो तो पिशवीकडे. ज्यातून बाहेर फेकतो तिथे एक बाटली लावून तोंडाशी फडका बांधा, कारण हवेबरोबर तेल उडतं. भिंतीवर उडालं तर पुढचा रविवार विसरा. हे कंप्रेसर फारसा आवाज करत नाहीत, रात्रभर चालले तरी शेजारी बेल वाजवत नाहीत.

मात्र ते थंड होतात आतून फिरणाऱ्या गॅसने. व्हॅक्यूममध्ये वाहतं काहीच नसतं, म्हणून तापतात. सतत चालवणार असाल तर लाइनमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह ठेवून थोडी हवा आत घेत राहा. त्याच व्हॉल्व्हने व्हॅक्यूमही १२५ ला धरता येतो. मत्स्यालयाच्या पंपाला असतो तसला बारीक सुईचा व्हॉल्व्ह चालेल.

घणसोली_थर्मल
लाइट गेली तर?

ऐरोलीचा_पतंग
पिशवी आणि पंपामध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावायचा. त्याच्या पिशवीकडच्या बाजूला जाड पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा दोन्हीकडून कॅप लावून जोडला की तो साठा होतो. पिशवी नीट सील असेल तर अर्धा-पाऊण तास सहज निघतो. एवढं ध्यानात ठेवा की काही कंप्रेसर दोन्ही बाजूंच्या दाबात फरक असताना पुन्हा सुरू होत नाहीत. टक् आवाज होतो आणि ओव्हरलोड पडतो. पंपाकडच्या बाजूची हवा सोडली की सुरू होतो.

थर्ड_इयर_मेकॅनिकल
गेज नसेल तर? चांगल्या गेजला पैसे पडतात आणि आमच्या लॅबवाल्याने द्यायला नकार दिलाय.

बाल्साबुवा
गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आण. एक टोक पाण्याच्या बादलीत, दुसरं टोक व्हॅक्यूमच्या लाइनला. नळी भिंतीला उभी चिकटव. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे १२५ मिमी पारा म्हणजे पाणी बादलीच्या पातळीपासून १.७ मीटर वर. भिंतीवर पेन्सिलची खूण कर आणि पाणी खुणेशी येईपर्यंत व्हॉल्व्ह फिरव. याच्याइतकं खरं बोलणारं गेज दुकानात मिळायचं नाही.

रेझिनताई
सुंदर. पण व्हॉल्व्ह चुकून बंद झाला तर कंप्रेसर ते पाणी छत ओलांडून आठ मीटर चढवायला बघेल, म्हणजे सगळं पाणी थेट त्याच्या पोटात. नळी आणि लाइनमध्ये रिकामी बरणी ठेवा, पाणी आलंच तर तिच्यात पडेल. आणि हा प्रकार थर्माकोलपुरता. एक्सपीएसच्या २५० ला ३.४ मीटर उंची लागेल, इतकं उंच छत ठाण्यात बिल्डर देत नाही.

खारघरकर_आर्सी
अवांतर: थर्माकोल मिळतोय कुठे तुम्हाला? २०१८ च्या बंदीनंतर मखरवाल्यांकडचा माल गेला तो गेलाच.

घणसोली_थर्मल
@खारघरकर: सजावटीवाल्यांकडे जाऊ नका. कोल्ड स्टोरेज आणि छताच्या इन्सुलेशनचं काम करणाऱ्यांकडे जा, तुर्भे आणि रबाळे एमआयडीसीत आहेत. घनता सांगून घेता येतो, आणि ठोकळा मोठा असल्याने दाणा एकसारखा मिळतो. टीव्हीच्या खोक्यातला वापरू नका, त्यात घट्ट-सैल दाण्यांमुळे हॉट वायर अडखळते आणि कोअरवर आडव्या रेघा पडतात.

कळवेकर
फेविकॉलचं कोणी बोललंच नाही.

रेझिनताई
बोलते. फेविकॉलमध्ये पाणी असतं. बाल्साच्या एका बाजूला पाणी लागलं की शीट गुंडाळी होते, आणि एकीकडे थर्माकोल, दुसरीकडे प्लास्टिक असल्यावर ते पाणी जाणार कुठे? दोन दिवसांनी उघडलंत तरी आत ओलं. फेविकॉल बाद नाही, पण त्याची जागा वेगळी. दहा सेंमी रुंदीच्या शीट कडेला कडा जोडून मोठं पान करायचंय, तिथे फेविकॉलच वापरा. बाहेरच्या अंगाला टेप लावा, जोड पुस्तकासारखा उघडा, बारीक रेघ ओढून मिटा. सुपरग्लूचा जोड दगडासारखा कडक होतो, घासताना त्याचा उंचवटा तसाच राहतो.

फेविकॉल एसआर, फेविबाँड किंवा कुठलंही सॉल्व्हंटवालं आणू नका, थर्माकोल विरघळतो. पॉलिस्टर रेझिनही नको, त्यातलं स्टायरीन तेच करतं.

इपॉक्सी वापरा, पण सावकाश जमणारं, पातळ, लॅमिनेटिंगचं. हार्डवेअरच्या दुकानातलं पाच मिनिटांचं नव्हे. कॉलेजांमध्ये सर्रास असतं ते एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१, वजनाने १०० ला १०. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमचा काटा घ्या. तुम्हाला एका बाजूला, वर-खाली मिळून, वीस-बावीस ग्रॅम रेझिन लागणार आहे. त्यात हार्डनर दोन ग्रॅम. तिथे अर्धा ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे प्रमाण पाव हिश्श्याने चुकलं. असं इपॉक्सी कधीच नीट जमत नाही, चिकट राहतं.

थर्ड_इयर_मेकॅनिकल
ताई, फक्त बावीस ग्रॅम? आम्ही एका पंखाला कपभर ओतायचो.

रेझिनताई
म्हणूनच तुमचं विमान धावपट्टीवरून उठत नव्हतं :)

चौरस मीटरला ५०-६० ग्रॅम, बस. कसं लावायचं ते नीट सांगते, कारण सगळा खेळ इथे आहे. रेझिन फोमवर लावायचं नाही, बाल्सावर लावायचं. फोमच्या दाण्यांमधल्या फटी ते नुसतं पीत राहतात आणि किती गेलं ते दिसतही नाही. पानाच्या आतल्या बाजूला मधोमध बारीक धार सोडा आणि जुन्या एटीएम कार्डाने रेषांच्या दिशेने ओढत न्या. आधी पृष्ठभाग ओला, चकचकीत दिसेल. तसाच ठेवायचा नाही. परत कार्ड ओढा, या वेळी उभं धरून, आणि निघालेलं पुसून टाका. शेवटी बाल्सा नुसता गडद दिसला पाहिजे, पाण्याचा हात फिरवल्यासारखा. उजेडाकडे तिरपा धरला तर मंद चमक, बोट टेकवलं तर चिकटतं पण बोटाला थेंब येत नाही. कुठे चमकणारा डबका दिसला तर ते वजन आहे, ताकद नव्हे.

हातमोजे नायट्राइलचे. हार्डनर कातडीला सोसत नाही, आणि एकदा ॲलर्जी झाली की आयुष्यभर पिच्छा सोडत नाही.

घणसोली_थर्मल
सध्याच्या उकाड्यात हे रेझिन कपातच गरम होऊन जमतं. मिसळल्यावर लगेच पसरट ताटलीत ओता. दहा अंश तापमान वाढलं की वेळ साधारण निम्मा होतो. ठाण्यात मे महिन्यात दुपारी दोनला हे करायला बसणाऱ्याला माझा नमस्कार.

कळवेकर
आणि पावसाळ्यात?

रेझिनताई
पावसाळ्यात बाल्सा ओल धरतो. आदल्या रात्री एसीच्या खोलीत किंवा कपाटात बल्ब लावून ठेवा. इपॉक्सीवर दमट हवेत तेलकट थर येतो तो पाण्याने पुसला जातो, पण पिशवीच्या आत त्याचा फारसा त्रास नाही. मला विचाराल तर दिवाळीनंतरचे तीन महिने यासाठी सोन्यासारखे.

बाल्साबुवा
वजनावरून आठवलं. रेझिनचे ग्रॅम मोजता तर बाल्साचेही मोजा. दीड मिमी, दहा सेंमी रुंद, ३६ इंच लांब शीट हलकी असेल तर १५ ग्रॅम, जड असेल तर २२. दिसायला दोन्ही सारख्याच. दुकानात काटा घेऊन गेलं की दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. एका बाजूला पंचवीसेक ग्रॅमचा फरक पडतो, म्हणजे रेझिन वाचवून वाचवलंत त्याहून जास्त. डाव्या-उजव्या पंखाला एकाच वजनाच्या शीट वाटून घ्या.

आणि ट्रेलिंग एजला दोन्ही पानं आतल्या बाजूने तिरपी घासून घ्या, १५-२० मिमी रुंदीत, धार कागदासारखी होईपर्यंत. नाहीतर दोन शीट मिळून तीन मिमीची बोथट कड होते.

ऐरोलीचा_पतंग
पिशवीचं थोडं. नवीन गादीवर येतं ते जाड प्लास्टिक झकास, आधीच नळकांड्यासारखं असतं. टोकं बंद करायला ब्यूटाइल टेप, गाडीच्या काचा बसवणाऱ्यांकडे मिळते. आतला क्रम असा: खालचा बेड, त्यावर पातळ पॉलिथिन, मग पान-कोअर-पान, परत पॉलिथिन, वरचा बेड. पॉलिथिन विसरलात तर बेडही पंखाचाच भाग होईल. वरून किचन टॉवेल किंवा जुन्या रजईतलं पॉलिएस्टर, हवा बाहेर यायला वाट म्हणून. ते नसेल तर प्लास्टिक नळीच्या तोंडाशी चिकटतं आणि बाकीच्या पिशवीत हवा तशीच. बेडच्या वरच्या कडांवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवा, नाहीतर पिशवी कोपरे गोल करते.

गळती शोधायला नळीचा तुकडा कानाला लावून टेपवरून फिरवा. सुरसुर जिथे वाढते तिथेच घडी आहे. हे कोरडं, रेझिन न लावता, आदल्या दिवशी करून बघायचं.

आणि सपाट जागा म्हणजे काय, तर हॉलची लादी नव्हे. भिंतीला टेकवलेलं जुनं फ्लश डोअर असेल तर आडवं टाका. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा त्याहून सरळ, पण परवानगी तुम्ही काढा.

खारघरकर_आर्सी
पंख छान होईल, पण उडवणार कुठे? उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झाल्यापासून आमच्या बाजूची मैदानं विचारात पडलीत.

घणसोली_थर्मल
डिजिटल स्कायचा (ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलचा) नकाशा बघून मगच. विमानतळाच्या हद्दीपासून पाच किमीपर्यंत लाल, पाच ते आठमध्ये जमिनीपासूनच पिवळा, म्हणजे परवानगीशिवाय नाही. आठ ते बारामध्ये २०० फुटांपर्यंत हिरवा. आणि येऊरचं नाव काढू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. यावर वेगळा धागा काढा, इथे पंखच राहू द्या.

कळवेकर
उजवी बाजू झाली. ओट्याची परवानगी मिळाली नाही, फ्लश डोअर शेजाऱ्यांचं. बुवांची पाण्याची नळी हॉलच्या भिंतीवर आहे, पाणी रात्रभर खुणेच्या दोन बोटं खाली-वर होत होतं. सकाळी उघडायचा मोह झाला, पण ताईंना मेसेज केला.

रेझिनताई
आणि मी काय सांगितलं ते इथेही लिहिते, इतरांना उपयोगी. कपात उरलेलं रेझिन कडक झालं म्हणून पिशवी उघडू नका. कपात ते गोळा असतं, स्वतःच्या उष्णतेने लवकर जमतं. पंखातला पापुद्रा त्याहून कितीतरी सावकाश. बाल्साच्या तुकड्यावर तसंच पातळ फासून पिशवीशेजारी ठेवा. त्यावर नख उमटत नाही तोवर पंप चालू. इथल्या हवेत पूर्ण एक दिवस धरा.

कळवेकर
एक दिवस ठेवलं. वजन १३१ ग्रॅम, लीडिंग एजची पट्टी अजून लावायची आहे. कुठेच पोकळ वाजत नाही. दारावर ठेवून बघितलं, रूट (बुंधा) ते टिप (टोक) ट्रेलिंग एज पूर्ण टेकते. एकच प्रश्न: रूटजवळ बाल्सातून रेझिन झिरपून चार-पाच टणक ठिपके वर आलेत. पॉलिश पेपरने घासू का?

बाल्साबुवा
नको. पेपर भोवतीचा मऊ बाल्सा खातो आणि ठिपका तसाच उभा राहतो, मग दिसतो डोंगर. दाढीचं नवं ब्लेड घे, किंचित वाकवून धर आणि फक्त ठिपका खरवड. पातळीवर आला की मग लांब ठोकळ्यावर २४० चा पेपर लावून सगळ्या पंखावर एकच हात. डाव्या बाजूला तिथली शीट बदल, ती सच्छिद्र निघाली असणार. आणि दार हलवू नकोस, डावीही त्याच जागेवर, त्याच तोंडाने होऊ दे.